सबवूफरसाठी चौकोनी पेटी की गोल नळकांडे?

दहा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, हाती आहे आणि त्याला सुमारे 70 लिटर घनफळाचे घर द्यायचे आहे, असे धरून चालू. हे घनफळ चौकोनी पेटीत बसवायचे, तर 18 मिमी प्लायवूडची बाहेरून जवळजवळ 45 सेंमीची घनाकृती पेटी होते. तेच 315 मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या एक मीटर तुकड्यात मावते, कारण त्याचा आतील व्यास साधारण 30 सेंमी असतो. फ्लॅटमधल्या बैठकीच्या खोलीत जमिनीवरच्या जागेचा हा फरक निम्म्याहून अधिक पडतो.

खालच्या पट्टीत वूफर हवा आत-बाहेर ढकलतो, तेव्हा पेटीच्या सपाट फळ्या वाकू पाहतात आणि आतून आडवे ठोकळे लावल्याशिवाय त्या गप्प बसत नाहीत. नळकांड्याच्या भिंतीवर दाब सर्व बाजूंनी सारखा येत असल्याने ती वाकत नाही, केवळ ताणली जाते, आणि ताण सोसायला पातळ भिंतही पुरते. बोटाच्या पेराने दोन्हींवर ठोकून पाहिले की फरक लगेच कानाला कळतो.

माझ्या मते खरा निर्णय मात्र पोर्टवर, म्हणजे घराच्या आतल्या हवेला बाहेर जोडणाऱ्या उघड्या नळीवर, ठरतो. एवढ्या घनफळातली हवा 25 हर्ट्झला घुमवायची, तर 10 सेंमी व्यासाचा पोर्ट जवळपास अर्धा मीटर लांब लागतो. पेटीची आतली बाजू 41 सेंमीच असल्याने तिथे एल्बो (कोपऱ्याचा जोड) लावून पोर्ट वळवावा लागतो. उभ्या नळकांड्यात तो वरचे टोक बंद करणाऱ्या चकतीतून सरळ खाली उतरतो आणि खालच्या चकतीत तोंड खाली करून बसवलेल्या वूफरपर्यंत पुरेशी मोकळी जागाही उरते. बंद, म्हणजे बिनपोर्टची रचना करायची असेल, तर हा मुद्दाच उरत नाही आणि मग मी निःसंकोच चौकोनी पेटी सुचवेन.

नळकांड्याची कसोटी लागते ती त्याच्या दोन टोकांना. चकत्या सपाटच असतात, म्हणून 18 मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून, आतली पाइपात घट्ट बसेल आणि बाहेरची काठावर टेकेल अशी पायरी करावी. पाइप क्वचितच अगदी गोल असतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका बाजूला दोन मिलीमीटरची फट राहिली होती, आणि तबल्याच्या बायाचा प्रत्येक ठोका पडताच तिथून फुसकारल्यासारखा आवाज येई. सिलिकॉनचा जाड थर दिल्यावरच तो थांबला. बाजारातला सुतार चौकोनी पेटी दिवसभरात बिनचूक करून देतो, पण गोल कापायला राउटर (लाकूड कोरून कापणारे यंत्र) आणि तो सरावाने चालवणारा हात लागतो. तो मिळत नसेल, तर पाइप विकत घेण्याची घाई करू नये.

खाली तोंड करून बसवलेल्या वूफरचा कोन स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली ओढला जाऊ शकतो. त्यामुळे सस्पेन्शन, म्हणजे कोनाला जागेवर धरून ठेवणारी लवचीक कडा आणि जाळी, फार मऊ असलेला वूफर असेल, तर तो उभ्या फळीवर बसवता येणारी चौकोनी पेटीच बरी.