डोंगरावर क्लचची स्प्रिंग तुटली, तर काय निवडायचं?

कॅनडात कॅल्गरीहून गोल्डन, रेव्हलस्टोक, व्हेलमाउंटच्या डोंगरांकडे स्लेड, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबिल, घेऊन जाणारी मराठी मंडळी आता बरीच झाली आहेत, आणि मोसम सुरू झाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: प्रायमरी क्लचची, म्हणजे इंजिनकडच्या पुढच्या पुलीची, स्प्रिंग तुटली, आता कंपनीचीच टाकू, बाहेरची टाकू, की क्लचच बदलून टाकू? माझ्या गाडीची एकदा तुटली आहे, मित्राच्या गाडीची एकदा मी स्वतः डोंगरावर बदलली आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी ही स्प्रिंग करते काय ते. ॲक्टिवाचं डावं कव्हर उघडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना निम्मं माहीतच आहे. तिथेही दोन पुल्या, मध्ये बेल्ट, आणि इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जाऊन पुढची पुली मिटत जाते. पण ॲक्टिवात आयडलला चाक सुटं ठेवायला मागे वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. स्नोमोबिलमध्ये तो नाही. प्रायमरीच्या दोन तबकड्या लांब धरून बेल्ट मोकळा सोडायचा, हे काम एकट्या स्प्रिंगचं. वजनं मिटवायला बघतात, स्प्रिंग उघडं ठेवायला बघते, आणि या ओढाताणीवर गाडी किती आरपीएमला पकडणार (म्हणजे पुली बेल्ट पकडून गाडी हलायला लागणार) आणि वर किती आरपीएम धरणार हे ठरतं.

म्हणून तुटली की पहिली खूण आयडललाच दिसते. गाडी उभ्या जागी पुढे सरकायला लागते, सुरू करताना गचका देते, नेहमीपेक्षा फारच खाली पकडते. चढावर वरचा आरपीएम मिळत नाही, क्लचमधून खडखड येते, बेल्टचा वास येतो. कधीकधी तुटलेले दोन तुकडे एकमेकांत स्क्रूसारखे फिरून बसतात, स्प्रिंग आखूड होते आणि गाडी चालत राहते. हे जास्त वाईट, कारण मग माणूस दिवसभर तशीच चालवतो.

पहिला निर्णय डोंगरावरचा: तिथेच बदलायची, हळूहळू खाली आणायची, की दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची? इथे माझं मत ठाम आहे. आधी वर बघा. डोक्यावर बर्फाने भरलेला उतार असेल, तर तो कोसळू शकतो, म्हणून त्या जागी पॅनेल उघडून वीस मिनिटं बसायचं नाही. गाडी तिथून काढता आली तर काढा, नाही आली तर तिला तिथेच सोडून माणसं बाजूला घ्या. गाडी दुसऱ्या दिवशी आणता येते.

जागा सुरक्षित असेल, तशीच जादा स्प्रिंग आणि हत्यारं बरोबर असतील, तर ज्या क्लचचं कव्हर बाहेरून बोल्टने उघडतं त्याचं काम तिथे होऊ शकतं. पोलारिस कंपनीचा पी-85 क्लच तसा आहे. बेल्ट काढायचा, कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे सैल करायचे, कारण आत स्प्रिंगचा दाब आहे आणि एकाच बाजूचे बोल्ट आधी काढले तर कव्हर तिरकं होऊन अडकतं. मी तेव्हा गाडीखाली जॅकेट पसरलं होतं, तरी एक बोल्ट काठावरून पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत ताज्या बर्फात, गेला. हातमोजा काढून, कोपरापर्यंत हात घालून शोधला. तेव्हापासून नारिंगी ताडपत्रीचा एक तुकडा कायम बरोबर असतो. कव्हर आणि बाकीच्या भागांवर जुळवणीच्या खुणा असतात, त्या जुळवूनच परत बसवायचं, नाहीतर क्लचचा तोल बिघडतो. ज्या क्लचला कव्हर उघडताना दाबून धरायला खास हत्यार लागतं, त्याला डोंगरावर हात लावू नका.

स्प्रिंग नसेल, तर खाली आणण्यापेक्षा ओढणं मला बरं वाटतं. तुटकी स्प्रिंग आत असताना चालवली की तुकडे वजनांमध्ये, कव्हरच्या बुशमध्ये चावतात. साधारण तीस-पन्नास डॉलरच्या स्प्रिंगचं काम मग कित्येक शे डॉलरच्या क्लचवर जातं. ओढताना बेल्ट आधी काढा. आणि चालवत आणायचीच वेळ आली, तर सुरू करताना गाडीसमोर कोणी उभं राहणार नाही हे बघा.

घरी आल्यावरचा निर्णय: कंपनीची की बाहेरची? स्प्रिंगवर दोन आकडे असतात, समजा 120/340. पहिला म्हणजे बसवलेल्या अवस्थेत ती किती पाउंड जोर लावते, दुसरा म्हणजे क्लच पूर्ण मिटल्यावर किती. पहिला वाढला की गाडी उशिरा पकडते, दुसरा वाढला की वरचा आरपीएम चढतो. कंपनीने हे आकडे वजनं, हेलिक्स (मागच्या पुलीतला तिरक्या उताराचा भाग) आणि उंची धरून जुळवलेले असतात. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणून मॅन्युअलमध्ये उंचीप्रमाणे तक्ता दिलेला असतो.

माझी पहिली तुटली तेव्हा एका दुकानात मला सांगितलं, रंग तोच आहे, लांबी तीच आहे, टाका. टाकली. पहिल्याच दिवशी गाडी नेहमीपेक्षा पाच-सहाशे आरपीएम वर पकडायला लागली. कडक वाटेवर ते चाललं असतं. मांडीपर्यंतच्या पावडरमध्ये ट्रॅक (गाडीखालचा फिरणारा रबरी पट्टा) एकदम भिरभिरतो आणि गाडी पुढे न जाता खड्डा खणून खाली बसते. दिवसभर फावडं चालवलं. रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो हे मला त्या दिवशी कळलं. रंग बघून स्प्रिंग घेऊ नका, पार्ट नंबर आणि दोन्ही आकडे बघा.

म्हणून गाडी मूळ सेटिंगवर असेल आणि आजवर नीट चालत असेल, तर कंपनीचीच घ्या. वॉरंटी चालू असेल तर दुसरा विचारच नको. बाहेरची घ्यायला खरी कारणं दोनच. एक, तुम्ही टर्बो, ट्रॅक किंवा गिअरिंग बदललंय, आणि मग स्प्रिंग एकटी नाही, वजनांसकट जुळवलेला पूर्ण संच घ्यायचा. दुसरं, तारेचा दर्जा. म्युझिक वायर, म्हणजे स्प्रिंगची साधी पोलादी तार, 120 अंश सेल्सियसच्या आसपास दम तोडायला लागते, क्रोम-सिलिकॉन 245 पर्यंत टिकते. डोंगरात खोल बर्फात कमी वेगाने, भरपूर थ्रॉटलवर चालवताना क्लच चांगलाच तापतो, आणि तापलेली स्प्रिंग न तुटताही बसत, म्हणजे आखूड होत, जाते. कंपनीची स्प्रिंगही चांगल्या तारेची असू शकते, तेव्हा विचारून घ्या.

राहिला सगळ्या क्लचचा प्रश्न. तुटलेले तुकडे टेबलावर ठेवून टोकं बघा. थकून तुटलेल्या तारेचं टोक बहुतेक वेळा तिरकं असतं, आणि कडेला एक काळसर चंद्रकोर दिसते. तडा तिथे सुरू झाला. ती कोर गंजाच्या ठिपक्यापाशी असेल तर उन्हाळ्यात गाडी दमट जागी उभी होती. घासलेल्या चकचकीत पट्ट्यापाशी असेल तर स्प्रिंग आत कशाला तरी लागतेय, आणि नुसती स्प्रिंग बदलून ते थांबणार नाही. मग रोलर सपाट झालेत का, कव्हरचा बुश हलतोय का, वजनांच्या पिना झिजल्यात का, तबकडीवर ओरखडे आहेत का ते तपासा. यातलं काही निघालं, किंवा नवी स्प्रिंग टाकूनही थरथर राहिली, तर पुलर (क्लच ओढून काढायचं हत्यार) लावून क्लच उतरवा आणि तोल करून देणाऱ्या कारागिराकडे द्या. सगळं साफ असेल तर स्प्रिंग आणि बेल्टची तपासणी, एवढ्यावर भागतं. बेल्टला एका जागी जळका खोलगट डाग पडला असेल तर तोही गेला.

सेकंडरीची, म्हणजे मागच्या पुलीची, स्प्रिंग क्वचित तुटते. तेव्हा चढावर थ्रॉटल सोडून परत दिला की आरपीएम पडतो आणि उठत नाही. ती घरीच, हत्यार लावून बदलायची.

मी आता प्रायमरीची स्प्रिंग दर मोसमाला बदलतो आणि काढलेली, नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून सरळ आणि पुरेशी लांब आहे हे बघून, बॅगेत ठेवतो. माझ्या गाडीत चाललेली असल्यामुळे ती बसणार याची खात्री असते. गाडी बदलली तेव्हा जुनी स्प्रिंग बॅगेतून काढायची राहिली होती. मागच्या महिन्यात पार्ट नंबर ताडून बघताना ते लक्षात आलं. आता बरोबरची स्प्रिंग, ताडपत्रीचा तुकडा आणि बोल्टला बसणारा सॉकेट एकाच पिशवीत बांधून ठेवलेत.