एसीचं आउटडोअर चोरीला जाऊ नये म्हणून: उंची, पिंजरा, शिअर नट की कॅमेरा?

आउटडोअर युनिट चोरणाऱ्याची नजर बहुतेक वेळा आतल्या तांब्यावर असते. कॉम्प्रेसरचं वाइंडिंग, कॉईल, भिंतीवरून गेलेल्या नळ्या, सगळं भंगारात लगेच खपतं. दीड टनाचं युनिट साधारण २५ ते ४० किलोचं, म्हणजे दोघांना सहज उचलेल असं. चार नट, दोन नळ्या आणि एक वायर एवढ्यावरच ते भिंतीला टिकून असतं. त्यामुळे कुठलाही उपाय मी एकाच मापाने तोलतो: चोराचा वेळ किती वाढतो आणि त्या वेळात आवाज किती होतो.

कोल्हापुरात आणखी एक अडचण आहे. मार्च ते मे एसी चालतो, पाऊस लागला की बंद. मग मागच्या बोळात कोण बघतंय? युनिट श्रावणात गेलं तरी घरच्यांना कळतं ते पुढच्या उन्हाळ्यात, रिमोट दाबल्यावर.

नवीन एसी बसवताय तर आधी जागेचा विचार करा. जमिनीपासून हात पोचणार नाही आणि कंपाउंड वॉल, जिना किंवा पाण्याच्या टाकीवर चढूनही गाठता येणार नाही, अशी जागा मिळाली तर अर्धं काम तिथेच झालं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागात याचा दुहेरी फायदा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी तिथवर आलं होतं, आणि जमिनीलगतचं युनिट पाण्यात गेलं की पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) आणि मोटर दोन्हीवर संकट. तोटे मात्र मोजून घ्या. एसीबरोबर सहसा ३ मीटर नळी येते, त्यापुढची वेगळी विकत घ्यावी लागते. अंतर फार वाढलं तर जादा गॅस भरावा लागतो आणि गारवाही थोडा घटतो. दरवर्षी सर्व्हिसिंगला येणाऱ्या मुलाला तिथे उभं राहायला सुरक्षित जागा हवी. ती नसेल तर उंचीचा हट्ट धरू नका, त्या मुलाचा जीव युनिटपेक्षा मोलाचा आहे.

बसलेलं युनिट खालीच असेल तर माझी पसंती पिंजऱ्याला. आपल्याकडे उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्यांची वाण नाही, मापाप्रमाणे करून मिळतो. पण नुसतं 'एसीला जाळी करून द्या' असं सांगितलंत तर खिडकीची ग्रिल करतात तसं करून देतील. त्यामुळे काही गोष्टी आधीच ठरवून सांगा.

पहिली गोष्ट हवा. मागून हवा आत येते आणि पुढून गरम होऊन बाहेर पडते. पुढे बारीक जाळी लावली की ती हवा अडते, धूळ साचते, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि बिल वाढतं. पुढच्या बाजूला उभे गज लावा, दोन गजांत १० सेंटिमीटर अंतर ठेवा. मागे आणि बाजूला किती जागा सोडायची हे मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढी सोडाच. पिंजरा युनिटच्या पत्र्याला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर रात्रभर खडखडाट ऐकावा लागेल.

दुसरी गोष्ट वजन, इथे बरेच जण चुकतात. २५ मिमीचा अँगल आणि १२ मिमीचा चौकोनी गज वापरून केलेला पिंजरा साधारण २५ किलोचा होतो. तो युनिटच्याच ब्रॅकेटला टांगला तर भार जवळपास दुप्पट होतो. पिंजरा भिंतीला स्वतंत्र पकडला पाहिजे. काँक्रीटच्या बीममध्ये अँकर फास्टनर (भोकात घालून आवळला की फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चांगला बसतो. जुन्या विटांच्या भिंतीत मात्र तो सैल होतो, तिथे आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने प्लेट लावून आवळणं भरवशाचं. सर्व्हिसिंगसाठी बिजागरीचं दार हवंच, आणि कुलूप असं बसवा की त्याच्या कडीत पहार घुसणार नाही. आपल्या पावसात नुसता ऑइलपेंट फार टिकत नाही. आधी रेड ऑक्साइडचा प्रायमर मारून घ्या, जमलं तर गॅल्व्हनाइज करा, म्हणजे जस्ताचा थर चढवून घ्या.

वेल्डिंग युनिट बसलेलं असताना जागेवर करू देऊ नका. आजच्या बऱ्याच एसींत आर३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. पिंजरा दुकानात पूर्ण करून आणा, घरी फक्त बोल्ट आवळायचे.

पिंजऱ्याचा खर्च नको असेल, किंवा भाड्याचं घर असेल, तर शिअर नट. आवळताना त्याचा षटकोनी भाग ठरलेल्या ताणावर तुटून पडतो आणि मागे उरतो गुळगुळीत गोल, ज्यावर पाना बसत नाही. पुन्हा काढायचा तर ग्राइंडर लागतो. दुकानात 'लॉक नट द्या' म्हटलं तर नायलॉनचा नट हातात पडेल. तो कंपनाने सैल होऊ नये एवढ्यासाठी असतो, पान्याने सरळ उघडतो. शिअर नटची मर्यादाही लक्षात घ्या: तो युनिट भिंतीला धरून ठेवेल, नळ्या वाचवणार नाही. आमच्या गल्लीत एका घरी युनिट जागच्या जागी होतं, पण नळी दोन्हीकडून कटरने दाबून तोडलेली, टोकं चपटी, आणि भिंतीवर काळ्या इन्सुलेशनचे तुकडे चिकटलेले. नळ्या उघड्या असतील तर त्या पीव्हीसीच्या पट्टीत नव्हे, लोखंडी चॅनेलमध्ये झाका.

कॅमेरा मी शेवटी धरतो. तो चोराला थांबवत नाही. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस आणि अंधारात हेडलाइटच्या उजेडात वाचता न येणारी नंबरप्लेट, एवढंच बहुधा हाती लागतं. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, पावसाळ्यातली चोरी मार्चमध्ये कळली तर त्याचा काहीच उपयोग नाही. पिंजऱ्याच्या जोडीला असेल तर जरूर लावा. कंपनावर वाजणारे अलार्म मात्र युनिटला लावू नका, कॉम्प्रेसर सुरू झाला तरी ते वाजू शकतात आणि दोन आठवड्यांत घरातलंच कुणीतरी बंद करतं.

आज, पैसा न घालता, एक काम करा. आउटडोअरच्या स्टिकरचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. त्यावरचा सिरियल नंबर इनडोअरपेक्षा वेगळा असतो, आणि पोलिसांत तक्रार देताना तोच लागतो. घराचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी विचारा, भिंतीबाहेर बसवलेल्या वस्तूची चोरी त्यात येते का. बऱ्याच पॉलिसींत घर फोडून आत शिरल्याची खूण लागते, आणि बाहेरच्या युनिटला ती नसते.

ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीतल्या स्वतःच्या बंगल्याला मी पिंजरा आणि लोखंडी चॅनेल सांगेन. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला उंची आधीच आहे, तिथे शिअर नट पुरतात. युनिट गच्चीवर असेल तर आधी गच्चीच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली कुणाकडे राहणार ते सोसायटीत ठरवा. भाडेकरूंनी पिंजरा करायचाच तर खर्च कोणाचा आणि घर सोडताना तो कोणाचा, हे मालकांशी आधी बोलून घ्या.