गिनी पिगच्या अंगावरचा चट्टा: मलम, औषधी स्नान की पोटातून औषध?

आषाढ-श्रावणात नाशिकची हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते, पिंजऱ्यातले अंथरूण नीट वाळत नाही आणि अशाच दिवसांत गिनी पिगच्या नाकावर, डोळ्यांभोवती किंवा कानाच्या बुडाशी केस जाऊन खवलेदार चट्टा दिसू लागतो. अशा वेळी पाळणाऱ्यापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात: औषधाच्या दुकानातून मलम आणून लावणे, बुरशीनाशक शाम्पूने अंग धुणे, किंवा पशुवैद्यांकडून तोंडावाटे द्यायचे औषध घेणे. मात्र चट्टा बुरशीचाच आहे याची खात्री नसेल, तर या तिन्हींची तुलना व्यर्थ ठरते. म्हणून आधी निदानाविषयी लिहितो.

माणसांच्या बाबतीत आपण गजकर्ण आणि खरूज यांत गल्लत करत नाही, गिनी पिगच्या बाबतीत मात्र ती सर्रास होते. गजकर्ण ही बुरशी आहे, बहुतेक वेळा ट्रायकोफायटन जातीची. तिचा चट्टा प्रायः चेहऱ्यापासून सुरू होतो, कडेला लालसर आणि मध्ये कोंड्यासारखा दिसतो, आणि खाज असलीच तर बेताची असते. खरूज त्वचेत बिळे करणाऱ्या अतिसूक्ष्म किडींमुळे होते. ती पाठ, खांदे आणि मांड्यांवर अधिक दिसते आणि तिची खाज इतकी भयंकर असते की जनावर स्वतःला ओरबाडून रक्त काढते, क्वचित त्याला झटकेही येतात. खरजेवर आयव्हरमेक्टिनसारखे कीडनाशक औषध लागते, तेही वजनाप्रमाणे मोजून. बुरशीचे मलम महिनाभर चोळले तरी त्या किडी मरत नाहीत. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस खाज नसताना सारखेच विरळ होऊ लागले, तर अंडाशयातील गाठींचा संशय घ्यावा. कानामागचा छोटा केसविरहित भाग मात्र प्रत्येक गिनी पिगला जन्मतः असतो. (तो पाहून घाबरणाऱ्यांत मीही एकेकाळी होतो.)

निदानासाठी वापरला जाणारा निळसर दिवा, म्हणजे वूड्स लॅम्प, मांजरांमध्ये उपयोगी पडतो. परंतु ट्रायकोफायटन त्या प्रकाशात चमकत नाही, त्यामुळे गिनी पिगमध्ये ‘दिव्यात काही दिसले नाही’ याचा अर्थ ‘बुरशी नाही’ असा होत नाही. चट्ट्याच्या कडेचे केस आणि खवले सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही स्वस्त आणि त्याच दिवशी होणारी तपासणी आहे, आणि त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्यात खरजेच्या किडीही सापडू शकतात. कल्चर, म्हणजे नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे, सर्वांत विश्वासार्ह असले तरी त्याला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे नमुना आधी घेऊन, अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करणे व्यवहार्य ठरते. नाशिकमधील बहुतेक पशुवैद्यांकडे कुत्री, मांजरे आणि गुरे अधिक येतात. म्हणून आधी फोन करून ‘आपण गिनी पिग तपासता का’ असे सरळ विचारावे.

आता मलमाविषयी. एक-दोन छोटे चट्टे असतील, जनावर नीट खात असेल आणि जोडीदाराचे अंग स्वच्छ असेल, तर केवळ क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल असलेले मलम पशुवैद्यांच्या सल्ल्याने लावणे पुरेसे ठरू शकते. ‘केवळ’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. आपल्याकडे गजकर्णाचे मलम मागितले की पुष्कळदा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड मिसळलेले मलम हाती पडते. त्याने लाली दोन दिवसांत ओसरते आणि गुण आल्यासारखे वाटते, पण आत त्वचेची प्रतिकारशक्ती दबून बुरशी पसरत राहते. आमच्याकडे एकदा असेच झाले होते आणि नाकावरचा चट्टा तीन आठवड्यांत कपाळापर्यंत पोहोचला. म्हणून नळीवरील घटक वाचल्याशिवाय मलम लावू नये. थर अगदी पातळ द्यावा, चट्ट्याबाहेर थोड्या अंतरापर्यंत चोळावा आणि जनावर ते चाटणार नाही याकडे काही मिनिटे लक्ष ठेवावे. टी ट्री तेल तर लावूच नये, कारण चाटल्यास ते विषारी ठरते. टाकळ्याचे बी गजकर्णावर वाटून लावण्याची आपली जुनी रीत आहे. पण अंग सतत चाटणाऱ्या एवढ्याशा प्राण्यावर मी ती आजमावणार नाही.

औषधी स्नानाचा फायदा असा की मलम जिथे पोहोचत नाही अशा केसांवरचे बुरशीचे बीजाणूही (ज्यांतून ती पुन्हा उगवते ते सूक्ष्म कण) कमी होतात. क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोल यांचे मिश्रण असलेला प्राण्यांचा शाम्पू सुमारे दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो, आणि इथेच अडचण येते: घाबरट स्वभावाच्या या प्राण्याला तेवढा वेळ ओले धरून ठेवणे त्याच्यासाठी मोठा ताण असतो. शिवाय पौषात निफाडकडून गारठा उतरतो तेव्हा ओले राहिलेले गिनी पिग सहज आजारी पडते. त्यामुळे चट्टे अनेक ठिकाणी असतील, पण हवा उबदार असेल आणि नंतर अंग पूर्ण कोरडे करता येत असेल, तेव्हाच हा पर्याय मलमापेक्षा सरस ठरतो. द्राक्षबागायतदारांना एक सूचना: भुरीवर फवारायचे गंधक घरात असले, तरी ते जनावरावर वापरू नये.

तोंडावाटे दिले जाणारे औषध, मुख्यतः इट्राकोनाझोल, पसरलेल्या किंवा मलमाला दाद न देणाऱ्या गजकर्णासाठी असते. त्याची मात्रा साधारणपणे किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम असते आणि प्रौढ गिनी पिगचे वजन जेमतेम किलोभर असते. माणसांची कॅप्सूल १०० मिलिग्रॅमची, म्हणजे त्या मात्रेच्या दहा ते वीस पट. कॅप्सूल फोडून अंदाजाने भाग पाडण्यापेक्षा पशुवैद्यांकडून मोजता येईल असे द्रवरूप औषध मागावे. उपचार चार ते सहा आठवडे चालतात, यकृतावर ताण येऊ शकतो आणि भूक मंदावू शकते. गिनी पिगने बारा तास काही खाल्ले नाही, तरी ती धोक्याची वेळ समजावी. ग्रिसिओफुल्विन जुने औषध आहे, पण गाभण मादीला ते देऊ नये, कारण पिलांत व्यंग येऊ शकते. सोबत कोणी ॲमॉक्सिसिलिन सुचवले तर ठाम नकार द्यावा. पेनिसिलिन गटातील औषधे पोटात गेल्यास या प्राण्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि जीवावर बेतू शकते.

माझा कल असा: चट्टा एकच असेल तर साधे मलम, दोनहून अधिक प्राणी असतील किंवा चट्टे पाठीपर्यंत आले असतील, तर पोटातून औषध, आणि स्नान दोन्हींना जोड म्हणून. घरात लहान मूल, मधुमेही वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल, तर मलमाची वाट पाहण्यापेक्षा सुरुवातीलाच पशुवैद्य गाठणे बरे, कारण ही बुरशी माणसालाही होते आणि मुलांच्या गालावर वा हातावर प्रथम दिसते. जनावर हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. बीजाणू अनेक महिने जिवंत राहतात. म्हणून अंथरूण रोज बदलावे, पिंजरा आधी घासून मगच पातळ केलेल्या ब्लीचने पुसावा आणि स्वच्छ पाण्याने धुवावा. लाकडी खोपटे नीट निर्जंतुक होत नाही, ते टाकून द्यावे.

शरीराला क जीवनसत्त्व कमी पडले की त्वचेची दुरुस्ती खुंटते, आणि गिनी पिग ते माणसासारखेच स्वतः तयार करू शकत नाही. ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि पेरूची लहान फोड हे त्याचे सोपे स्रोत आहेत. कांदा मात्र लासलगावचा असो वा कुठलाही, या प्राण्याला विषारीच. केस परत उगवले म्हणून औषध लगेच थांबवू नये, कारण गुण आलेल्या त्वचेवरही बीजाणू उरतात. कल्चर पुन्हा करून ते निर्दोष येईपर्यंत जोडीदारालाही वेगळे ठेवावे, मात्र एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ.