रालामंडल: हरणं बघायला जा, पण आधी झाडांच्या खालच्या फांद्या बघा

मागच्या रविवारी पुण्याहून आलेल्या नातीला घेऊन रालामंडलला गेलो. मी पशुवैद्यक, आता निवृत्त. सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली, पण हरणांशी एकदा अशी गाठ पडली की ती विसरता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंदूरला लागूनच ही टेकडी, माथ्यावर होळकरांचं शिकारगृह. १९८९ साली अभयारण्य झालं, पण क्षेत्र अडीच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. सकाळी चढलात तर चढण सुखाची आहे. नातीचा सगळा जीव मात्र चितळांत. एका नराकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘आजोबा, त्याच्या शिंगांवर लोकर आहे!’’ नवी शिंगं होती, अजून मखमलीत. चितळाची शिंगं झडून पुन्हा येतात, काळविटाची जन्मभर तीच, हे तिला तिथेच उभ्या उभ्या सांगता आलं.

मी स्वतः हरणांआधी झाडं बघतो. हरणं जास्त झाली की पहिली खूण तिथे दिसते. मागच्या पायांवर उभं राहून चितळाचं तोंड पोचेल तिथवरची पानं साफ होतात, जणू कोणी दोरी धरून कापलीत. खाली रोप उरत नाही, गवत बोडकं होतं आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत ती घाणेरी माजते. इथे आम्ही फिरलो त्या वाटेवर गुडघाभर कोवळी रोपं होती. मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला.

कारण कुंपणातल्या चितळामागे बिबट्या लागत नाही. मादी साधारण आठ महिन्यांनी एक पाडस देते आणि त्याला ठरावीक हंगाम नसतो. दिल्लीत हौज खासच्या बागेत १९६०च्या दशकात सहाएक हरणं सोडली होती, २०२३पर्यंत ती सहाशेच्या घरात गेली. नर-माद्या वेळीच वेगळ्या ठेवणं किंवा कळप दुसरीकडे नेणं, हाच उपाय.

आणि नेणं सोपं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बागेतली चितळं हलवायची होती, मला बोलावलं होतं. माणसं जाळी घेऊन मागे धावली. पाच सापडली, एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन गेली. भीतीने आणि धावण्याने अंगातला ताप चढतो, स्नायू आतून फुटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. मी रात्रभर सलाइन लावून बसलो होतो. त्या माद्यांचे डोळे अजून आठवतात.

म्हणून बोमा पद्धतीचं मला फार कौतुक. नरसाळ्यासारखं रुंद तोंडाचं, आडोसा केलेलं कुंपण घालायचं आणि कळपाला हळूहळू आत घेत थेट गाडीत चढवायचं. हात लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये आपल्या शाजापुरात हेलिकॉप्टरने वळवून ८००हून जास्त काळविटं अशी पकडली आणि अभयारण्यांत सोडली. शेतकऱ्याचं पीक वाचलं, जनावरही वाचलं.

जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. खायला काही देऊ नका. आमच्या शेजारी एक छोटा मुलगा कुंपणातून शेव घालत होता. हरणाच्या पोटात पाला-गवत पचवणारे जीवाणू असतात, बेसन-मैदा एकदम गेला की आम्ल वाढून जनावर दगावू शकतं. त्याच्या वडलांना सांगितलं, ‘‘भाऊ, मी गुरांचा डॉक्टर आहे.’’ त्यांनी पुडी लगेच खिशात घातली.

पाणी घरून न्या, टोपी घाला, मुलांना हळू बोलायला सांगा. नातीने सात पाडसं मोजली आणि वहीत लिहून ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाणार आहोत. ती पाडसं मोजेल, मी रोपं.