इतिहास-नागरिकशास्त्राची मोफत साधनं: खारपाणपट्ट्यातल्या शाळेत आठ महिने वापरल्यानंतर

जूनअखेर शाळा उघडली (विदर्भात उन्हामुळे उशिराच उघडते) तेव्हा ठरवलं होतं, की या वर्षी आठवी ते दहावीला नुसत्या पाठ्यपुस्तकावर शिकवायचं नाही. आमची शाळा अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे विहिरींना खारं पाणी लागणाऱ्या खारपाणपट्ट्यात. एक प्रोजेक्टर आहे आणि नेटचा भरवसा नाही. आता फेब्रुवारी संपत आला, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त कामी आलं जिल्हा गॅझेटियर. जिल्ह्याचा इतिहास-भूगोल नोंदवणारे हे सरकारी ग्रंथ, राज्याच्या दर्शनिका विभागाचे, ऑनलाइन फुकट मिळतात. दांडीयात्रा शिकवताना आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, आपल्या इकडं समुद्र नाई, मंग लोकाइनं मीठ कुठून आणलं?" मी म्हटलं, दहीहांड्याहून. वर्ग गप्प झाला. आपल्याच जिल्ह्यातल्या दहीहांड्याला १९३० मध्ये खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला, हे एकालाही ठाऊक नव्हतं. ज्या पाण्याला आम्ही रोज शिव्या देतो, त्याच पाण्याने सत्याग्रह झाला! रात्री गॅझेटियर उघडून पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींचं वर्णन काढलं. दुसऱ्या दिवशी पोषण आहाराच्या चुलीवर गावातल्या विहिरीचं दोन बादल्या पाणी आटवलं. बुडाशी पांढरा थर उरला. एका पोरीचे आजोबा कुंपणाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे तं आमाले लहानपनापासून माईत आहे, पन हे पुस्तकातलं आहे हे माईत नोतं." पुढच्या तासाला पुसदला बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी केलेला जंगल सत्याग्रह घेतला. मुलं स्वतःहून विचारू लागली, की आपल्या गावातून कोण गेलं होतं?

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे जुन्या सरकारी कागदांचं संकेतस्थळ वापरायला मात्र चिकाटी लागते. नोंदणी मोफत आहे, शोध इंग्रजीत घ्यावा लागतो. पहिले दोन महिने माझ्या हाती फारसं काही लागलं नाही, कारण मी आजची नावं टाकत होतो. जुन्या कागदांत अचलपूर 'एलिचपूर' असतं आणि वाशीम 'बासिम'. शिवाय वऱ्हाड नावाला निजामाचं, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेलं. त्यामुळे 'बेरार' आणि 'हैदराबाद' दोन्ही शब्दांनी शोधा. दहावीला इतिहासाची साधनं शिकवताना खऱ्या कागदाची एक प्रत हातात दिली, की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

संविधान सभेच्या चर्चा ऑनलाइन संपूर्ण उपलब्ध आहेत, तारखेनुसार आणि सदस्याच्या नावानेही सापडतात. आपले पंजाबराव देशमुख आणि ब्रिजलाल बियाणी त्या सभेत होते. इंग्रजी मुलांना जड जातं, म्हणून रोज रात्री एक-दोन परिच्छेद मी मराठीत उतरवत गेलो. यात वेळ फार जातो, हे आधीच सांगून ठेवतो. पण ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासून २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंतचा काळपट्टा भिंतीवर लावला आणि त्यावर वऱ्हाडातल्या माणसांची नावं आली, तेव्हा संविधान म्हणजे दिल्लीहून आलेलं पुस्तक ही समजूत गेली.

नागरिकशास्त्रासाठी 'ई-ग्रामस्वराज' हे पंचायतींचं सरकारी संकेतस्थळ उघडाच. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च तिथे दिसतो. नववीच्या मुलांनी आपल्या गावाचा आराखडा वहीत उतरवला आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मागे बसून ऐकला. मुलांना तिथे मत देता येत नाही. एका मुलीने उभं राहून विचारलं, की पिण्याच्या पाण्याचं यंत्र बंद आहे, त्याची दुरुस्ती आराखड्यात कुठे आहे? ग्रामसेवकांनी नोंद घेतली. तिचे हात थरथरत होते, माझेही डोळे भरून आले.

ई-बालभारतीची पुस्तकं आणि दीक्षा ॲपचे व्हिडिओ तालुक्याला गेलो की मोबाइलमध्ये उतरवून ठेवतो. नेट नसलेल्या दिवशी तेच चालतात.

शिक्षकांसाठीच्या संधींचं मात्र माझं जमलं नाही. दिल्लीच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) शिबिरं शिक्षकांसाठी असतात, शिक्षण विभागामार्फत नावं जातात. इतर एका प्रशिक्षणाचं परिपत्रक माझ्या हाती पडलं तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. फार वाईट वाटलं. खेड्यातल्या शिक्षकाने कुणी कळवेल याची वाट पाहू नये; दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संकेतस्थळं स्वतः बघावीत. मी आता तसंच करतो. संसदीय कार्य मंत्रालयाच्या युवा संसदेसाठी शाळेला ऑनलाइन नोंदणी करता येते, तिचे कागद मुख्याध्यापकांकडे दिले आहेत.

दहीहांड्याला मुलांना नेणं अजून राहिलंय. परीक्षा आटोपल्या की एप्रिलचं ऊन चढायच्या आत, सकाळच्या पहिल्या एसटीने जाणार आहोत. ते आजोबाही येतो म्हणालेत.