रक्तातल्या डिंकाने बांधलेली हाडाची भर: बेळगावातील एका दंतचिकित्सालयाचा अनुभव

खालची दाढ काढून चार वर्षे झाली होती आणि तिथले जबड्याचे हाड इतके झिजले होते की, इम्प्लांटचा, म्हणजे कृत्रिम दाताला आधार देणारा, स्क्रू बसवण्याआधी हाडाची भर घालावी लागेल, असे डॉक्टरांनी स्कॅन दाखवून सांगितले. खानापूरहून ये-जा करून मी हे उपचार घेतले.

या चिकित्सालयात भरीसाठी वापरायचे हाडासारखे दाणे सुटे टाकत नाहीत, तर रुग्णाच्याच रक्तातील फायब्रिनमध्ये, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या डिंकासारख्या चिकट धाग्यांत, बांधून घेतात. माझ्या हातातून काढलेले रक्त, गोठणे रोखणारे कोणतेही औषध न घालता, लगेच यंत्रात फिरवले गेले आणि वर आलेला पिवळसर द्रव सिरिंजने काढून वाटीतल्या पांढऱ्या दाण्यांवर सोडला. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनमुळे रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिन होते व त्या धाग्यांच्या जाळ्यात दाणे अडकतात. दहाएक मिनिटांनी डॉक्टरांनी तो गोळा चिमट्याने उचलून दाखवला, तेव्हा ताज्या कुंद्याच्या (बेळगावच्या खव्याच्या मिठाईच्या) घासासारखा तो एकसंध राहिला आणि एकही दाणा खाली पडला नाही. एरवी जिभेच्या व गालाच्या हालचालीने दाणे सरकतात आणि भर हलत राहिली की तेथे हाड नीट धरत नाही.

या डिंकाने हाड लवकर भरते का, असे मी विचारले. हाड शरीरच तयार करते, डिंक काही दिवसांत विरघळतो आणि त्याने हाड अधिक वाढते का याबाबत संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या प्रामाणिकपणामुळेच माझा विश्वास बसला.

एक उणीव मात्र गंभीर वाटते. भरीचे दाणे अनेकदा गाई-बैलांच्या हाडांपासून केलेले असतात, ही गोष्ट मी विचारल्यावरच कळली. आपल्या भागात लिंगायत, जैन अशी अनेक शाकाहारी कुटुंबे आहेत. त्यांना हे आधीच सांगायला हवे, कारण कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणेही मिळतात आणि मी तेच घेतले. संमतिपत्रही फक्त कन्नड व इंग्रजीत होते. स्वागतकक्षातील ताईंनी ते मराठीतून समजावले, पण सही करणाऱ्याला ते स्वतः वाचता आले पाहिजे.

टाके दहाव्या दिवशी निघाले. तंबाखूची मिश्री पूर्ण बंद करण्याची अट डॉक्टरांनी घातली होती, ती मी पाळली. पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये पुरेशी रुंदी दिसली आणि गेल्या आठवड्यात स्क्रू बसला.