रिळाचे पाय

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘आबू अँबॅसडर ५०००, सन १९५४, अस्सल, चामड्याच्या डबीसकट.’ फोटोत ते मासे पकडायच्या काठीचं लाल रीळ असं काही झळकत होतं की मी दुसरं काही पाहिलंच नाही. जुनी रिळं गोळा करायला लागून मला बारा वर्षं झाली. नवख्यांना उठताबसता सांगत असतो की आधी रिळाचे पाय बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नेमका पायाचाच फोटो मागवायचा राहून गेला.

पाय म्हणजे रिळाच्या बुडाची लांबट पट्टी, जी गळाच्या काठीवर बसते. अँबॅसडर उलटं करून ही पट्टी भिंगाखाली धरली, की साधारण १९७४ पासूनच्या रिळांवर ठोकलेले आकडे दिसतात. पहिले दोन सालाचे, पुढचे दोन महिन्याचे. माझ्या रिळावर सुरुवातीलाच ७५०३. म्हणजे मार्च १९७५. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, याचे मला पार्सल फोडल्यावर दिसले.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘साहेब, जुनं ते जुनंच. एकदा विकलेला माल परत घेत नाही.’ या सेवेला माझ्याकडून शून्य गुण. पॅकिंगला मात्र पैकीच्या पैकी. तीन पदरी गुंडाळून पाठवलं होतं. थाप मारणारी माणसं पॅकिंग नीट करतात, असा माझा जुना अनुभव आहे.

खरं तर पायाशिवायही कळायला हवं होतं. १९५०च्या दशकातल्या अँबॅसडर ५०००च्या बाजूच्या प्लेटवर चार स्क्रू असतात, म्हणून गोळा करणारे त्यांना ‘चार स्क्रूवालं’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी जीव टाकतात. माझ्या फोटोत सरळसरळ तीन दिसत होते. हँडलच्या दोन मुठींपैकी एक म्हाताऱ्या दातासारखी पिवळटलेली, दुसरी पांढरीफेक. म्हणजे एक कुठून तरी आणून बसवलेली. हँडलच्या नटाचे कोपरे कुणीतरी पकडीने कुरतडून गोल केलेले. ज्याच्या नटाचे कोपरे गेलेत ते रीळ आधी कुणीतरी अडाण्यासारखं उघडलंय, हे धरूनच चालावं. आत काय काय बदललं असेल ते देव जाणे. अशा जोडाजोडीच्या रिळाला मी गोधडी म्हणतो. गोधडी वाईट नसते, पण ती पैठणी म्हणून विकू नये.

डबी मात्र खरी निघाली. तपकिरी चामडं, आत छोटा पाना, तेलाची वाळून खडखडीत झालेली नळी आणि एक सुटा पॉल, म्हणजे दोरी सारखी गुंडाळली जावी म्हणून ती इकडून तिकडे सरकवणारा छोटा भाग. डबीचं चामडं आणि शिवण पाहता ती रिळापेक्षा वयाने मोठी असावी असा माझा संशय आहे.

आता रिळाबद्दल, कारण रिळाचा यात काही गुन्हा नाही.

आबू म्हणजे आ. बे. उरफाब्रिकेन, शब्दशः घड्याळांचा कारखाना. स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावी १९२१ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात आधी खिशातली घड्याळं, मग टॅक्सीचे मीटर बनत. महायुद्धाने मीटरचा धंदा बसला तेव्हा ते रिळांकडे वळले, आणि १९५२ मध्ये हे लाल अँबॅसडर बाजारात आलं. घड्याळजीचा हात जाणवतो. प्लेट काढली तर आत एकही भाग उगाच नाही. स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या, दांड्यावर दोन बारीक खिळ्यांसारख्या काड्या, त्यांवर मोकळे सरकणारे दोन इवलेसे ठोकळे. फेक घेताना स्पूल गरगर फिरायला लागलं की ठोकळे बाहेर ढकलले जातात आणि कडेच्या रिंगेवर घासतात; वेग उतरला की घासणं आपोआप सैल. स्पूल दोरीपेक्षा जोरात धावलं की होते ती गुंतवळ, आणि ती सोडवण्यात अख्खी सकाळ जाते. ती वाचवायचं काम हे डाळीएवढे ठोकळे करतात. अर्थात अंगठा स्पूलवर लागतोच. अंगठा झोपला तर ठोकळे काय करणार?

माझ्या रिळात जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून, जुन्या टूथब्रशने घासून काढलं. लाल प्लेटा आधी सोडवून बाजूला ठेवल्या होत्या. तो लाल रंग वरून मारलेला नाही, ॲल्युमिनियमवर चढवलेलं ॲनोडायझिंग आहे. कॉस्टिक सोड्याने ते सोलून निघतं आणि एकदा गेलं की गेलंच. असं चकचकीत करून ‘पॉलिश केलेलं’ म्हणून विकलेलं रीळ मी स्वतः पाहिलंय. रडू आलं होतं.

दोरी इकडून तिकडे सरकवणारा पॉल झिजला होता, त्यामुळे दोरी एका कडेला डोंगर करून बसत होती. डबीतला सुटा पॉल बसवला आणि खटकन काम झालं. बहुधा पन्नास वर्षं तो त्याच डबीत याच दिवसाची वाट पाहत पडला असेल. हँडल फिरवल्यावर जो आवाज येतो तो मला लिहिता येत नाही. मऊ, दाट, चावी दिल्यासारखा.

तुलनेला माझ्याकडे मामाचं मिशेल ३०० हे रीळ आहे. तेही घड्याळांच्याच गावचं, फ्रान्समधल्या क्लूझचं, कार्पानो आणि पाँ यांचं. अंड्यासारखी काळी बॉडी. उलट्या हाताने फिरवणाऱ्यांसाठी हेच ३०१ या नंबरने येई. त्यात बॉडीवर नुसतं मिशेल असेल आणि नंबर नसेल तर समजायचं आधीचं, आणि दोरी उचलणारी तार अर्धीच असेल तर आणखी आधीचं. मामाच्यावर ३०० ठसठशीत आहे, त्यामुळे तिथे भांडणच नाही. गुंतवळीच्या बाबतीत मिशेल गरीब गाय. पण लांब, नेमकी फेक आणि हाताला येणारी मजा म्हणाल तर अँबॅसडर.

एक खूण सोपी आहे म्हणून सांगतो. प्लेटवर ‘आबू गार्सिया’ असं जोडनाव असेल आणि विकणारा ते १९५०च्या दशकातलं म्हणत असेल तर हसून पुढे जा. गार्सिया ही त्यांचा माल अमेरिकेत आणणारी कंपनी. दोन्ही नावं एक झाली ती १९८० च्या सुमारास. नावात सी असेल, म्हणजे ५०००सी, तर आत बॉल बेअरिंग. साध्या ५०००मध्ये बुश, म्हणजे गोळ्यांशिवायच्या साध्या नळ्या असतात, आणि मला तेच आवडतं. बेअरिंगवालं पळतं जास्त, अंगठ्याला दमवतंही जास्त.

वापरायला घेणाऱ्याने १९७५ चं बेलाशक घ्यावं. मी हे परत करायचा नाद सोडला, दर रविवारी काठीवर चढवतो. कपाटात ठेवायला घेणाऱ्याने मात्र भिंग घेऊनच बसावं.

पांढरी मूठ तेवढी अजून डोळ्यांत खुपते. कुणाकडे जोडीची पिवळटलेली मूठ पडून असेल तर कळवा. चार स्क्रूवालं विकायचं असेल तरी कळवा, पण फोटो पायाचा आधी पाठवा.